पूर्वप्राथमिक वयोगटातील बालकांना संख्या व परिमाण यांच्या तुलनेचे अध्यापन : मोजणी आणि तुलना यांतील दुवा

प्रस्तावना

पूर्वप्राथमिक स्तरावरील गणिताचा विषय निघाला की आपल्याकडे 'अंक म्हणणे' आणि 'अंक गिरवणे' या दोनच गोष्टी प्रथम डोळ्यांसमोर येतात. चार वर्षांचे मूल पाहुण्यांसमोर एक ते वीस न अडखळता म्हणून दाखवते, तेव्हा त्याला मोजता येते असे पालक समाधानाने मानतात आणि बालवाडीच्या प्रगतिपुस्तकातही तशी नोंद होते. त्याच मुलापुढे एका ताटलीत पाच व दुसरीत सात चिंचोके ठेवून 'कोणत्या ताटलीत जास्त आहेत आणि ते तुला कसे कळले?' असे विचारले, तर ज्या ताटलीत चिंचोके पसरून मांडले असतील तिच्याकडे ते पुष्कळदा बोट दाखवते. त्याला दोन्ही ताटल्यांतील चिंचोके मोजता येत नाहीत असे नाही. सांगितले तर ते अचूक मोजते. मोजणीचा उपयोग तुलनेसाठी करता येतो, एवढेच त्याला उमगलेले नसते.

प्रस्तुत लेखाचा विषय हा दुवा होय. मोजणी व तुलना या दोन क्षमता बालकाच्या ठिकाणी वेगवेगळ्या मार्गांनी वाढतात, आणि त्यांची सांधेजोड आपोआप होईल असे गृहीत धरता येत नाही. ती न झालेले मूल पहिलीत येते तेव्हा पाठ केलेले अंक त्याला बेरीज-वजाबाकीत फारसे उपयोगी पडत नाहीत, आणि 'गणितात कच्चा' हा शिक्का सहाव्या वर्षीच बसतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मान्य केला व २०२१ च्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास पायाभूत संख्याज्ञान मिळावे असे उद्दिष्ट ठेवले. त्या संख्याज्ञानाची मुळे अंगणवाडीच्या सतरंजीवर रुजतात, म्हणून तेथे नेमके काय करावयाचे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. येथील विवेचन तीन ते सहा वर्षे वयोगटापुरते आणि मुख्यतः दहाच्या आतील संख्यांपुरते मर्यादित आहे.

तुलनेची जाण मोजणीच्या आधीची

लहान-मोठ्या समूहांतील फरक ओळखण्याची क्षमता भाषेच्या आधीपासून असते. फे शू व एलिझाबेथ स्पेल्के यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहा महिन्यांच्या अर्भकांना ८ व १६ ठिपक्यांमधील फरक जाणवला, ८ व १२ ठिपक्यांमधील मात्र जाणवला नाही. दोन्ही समूहांतील गुणोत्तर निर्णायक असते असे यावरून दिसते. वय वाढते तशी ही जाण सूक्ष्म होत जाते, परंतु तिचे स्वरूप अंदाजाचेच राहते. तीन-चारपर्यंतच्या वस्तू मात्र न मोजता एका दृष्टिक्षेपात अचूक ओळखता येतात.

हा अंदाज प्रौढपणीही आपल्याला सोडून जात नाही. मॉयर व लँडॉअर यांनी १९६७ साली दाखवून दिले की, दोन अंकांतील मोठा अंक निवडताना त्यांतील अंतर जितके कमी तितका वेळ अधिक लागतो. २ व ९ यांचा निवाडा चटकन होतो, ८ व ९ यांच्यासाठी सुशिक्षित माणूसही क्षणभर अधिक थांबतो.

शिक्षिकेच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक सूचना मिळते. तुलनेच्या कृतींचा क्रम अंतरावरून ठरवावा. आधी दोन व आठ, मग चार व आठ, नंतर सहा व आठ आणि सर्वांत शेवटी सात व आठ. बाजारात मिळणाऱ्या सरावपुस्तिकांमध्ये हा क्रम क्वचितच सांभाळलेला दिसतो. एकाच पानावर एक-नऊ आणि सहा-सात शेजारी शेजारी असतात. नजरेने भागते तेथे मूल मोजत नाही, आणि त्यात वावगेही काही नाही. नजर कमी पडू लागते तेथे मोजण्याची गरज निर्माण होते, आणि ती जागा हेरून तेथे मुलाला थोडे थांबवणे हे शिक्षिकेचे कौशल्य आहे.

पियाजे यांचा प्रयोग आणि त्यावरील आक्षेप

या विषयावरील चर्चा झाँ पियाजे यांच्याशिवाय पूर्ण होत नाही. अलिना शेमिन्स्का यांच्यासमवेत त्यांनी १९४१ साली बालकाच्या संख्याकल्पनेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील प्रयोग आता अध्यापक विद्यालयांच्या पाठ्यपुस्तकांमुळे परिचित आहे. समोरासमोर सारख्याच वस्तूंच्या दोन रांगा मांडतात, त्या तेवढ्याच आहेत हे बालक मान्य करते. मग त्याच्या देखत एक रांग पसरवली जाते आणि लांब दिसणाऱ्या रांगेत जास्त वस्तू आहेत असे ते सांगू लागते. मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही, ही संख्येची अक्षय्यता सुमारे सहा-सात वर्षांपूर्वी येत नाही असे पियाजे यांचे प्रतिपादन होते.

यावरून 'सातव्या वर्षापूर्वी तुलना शिकवणे व्यर्थ' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ झाले. तो घाईचा आहे. १९६७ साली मेहलर व बेव्हर यांनी मातीच्या गोळ्यांऐवजी गोड गोळ्या मांडल्या आणि हवी ती रांग उचलून खाण्याची मुभा दिली, तेव्हा अडीच-तीन वर्षांच्या बहुतेक बालकांनी आखूड परंतु अधिक गोळ्यांची रांग निवडली. मॅकगॅरिगल व मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७४ साली याहून मार्मिक बदल केला. रांग प्रयोगकर्त्याने न पसरवता एका खोडकर खेळण्यातील अस्वलाने 'चुकून' विस्कटली. याप्रसंगी चार ते सहा वर्षांची बहुसंख्य मुले दोन्ही रांगा तेवढ्याच आहेत असे योग्य उत्तर देऊ शकली. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर आधीचे उत्तर चुकले असावे असा अर्थ मूल लावते. आपल्या वर्गांमध्ये एकच प्रश्न पुन्हा विचारण्याचा अर्थ बहुधा तोच असतो. तेव्हा मुलाचे उत्तर तपासताना आपण प्रश्न कसा विचारला हेही तपासले पाहिजे.

पियाजे यांचे निरीक्षण मात्र यामुळे खोटे ठरत नाही. रांगेची लांबी, वस्तूंचा आकार, मांडणीची दाटी हे घटक बालकाच्या निर्णयावर खरोखरच प्रभाव टाकतात. पाच आवळे आणि सात वाटाणे समोर ठेवले तर पुष्कळ मुले आवळ्यांकडे वळतात. म्हणून आरंभीच्या कृतींत दोन्ही समूहांतील वस्तू एकाच आकाराच्या असाव्यात आणि मुलांना सवय झाल्यावर हेतुपुरस्सर वेगळ्या आकाराच्या घ्याव्यात.

'जेवढे-तेवढे' : मराठी भाषेची देणगी आणि अडचणी

तुलना ही भाषेतून व्यक्त होते, आणि मराठीतील तुलनावाचक शब्दांकडे बालशिक्षणाच्या दृष्टीने पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही असे वाटते. 'मोठा' हाच शब्द घेऊ. मोठी बहीण वयाने मोठी, मोठा डबा आकाराने मोठा, मोठा आवाज तीव्रतेने मोठा आणि मोठी संख्या आणखी वेगळ्याच अर्थाने मोठी. फळ्यावर लहान आकारात ८ आणि ठसठशीत ३ लिहून 'मोठी संख्या कोणती?' असे विचारल्यास तीनकडे बोट दाखवणारे मूल भाषेच्या दृष्टीने चुकत नाही. आरंभी 'मोठी संख्या' हा प्रयोग टाळून 'जास्त कोणते दाखवते?' असे विचारणे सोयीचे.

समानतेचे शब्द याहून फसवे आहेत. 'सारखे' म्हणजे एकाच प्रकारचे, आणि 'सारखा रडतो' म्हणजे सतत रडतो. 'बरोबर' हा शब्द तर मुलाला 'अचूक' आणि 'सोबत' या अर्थांनी आधी भेटतो. पुढे 'तीन अधिक दोन बरोबर पाच' हे वाक्य त्याच्या कानी पडते तेव्हा 'बरोबर' म्हणजे शिक्षिकेने दिलेली शाबासकी असा त्याचा समज झाला तर नवल नाही. 'समान' हा शब्द नेमका आहे, पण तो घरात कोणी बोलत नाही.

या गोंधळातून मार्ग काढणारी जोडीही मराठीतच आहे, ती म्हणजे 'जेवढे-तेवढे'. 'जेवढी मुले तेवढ्या वाट्या' या वाक्यात संख्येचा उच्चारही नाही, तरी समानतेची पूर्ण कल्पना आहे. पंगतीत पाट-पाने मांडताना घरातील मूल नेमके हेच करते. पान उरले तर पाने जास्त, माणूस उभा राहिला तर पाने कमी, काहीच उरले नाही तर जेवढी माणसे तेवढी पाने. गणिताच्या परिभाषेत यालाच एकास-एक संगती म्हणतात. अंगणवाडीत रोज होणारे खाऊचे वाटप हा या संगतीचा आयता पाठ आहे; ताट्या मांडण्याचे काम मदतनीसताईंऐवजी दोन मुलांकडे सोपवले, की तो रोज होतो.

'जास्त' आणि 'कमी' हे शब्द मुले एकाच वेळी शिकत नाहीत. डोनाल्डसन व बालफोर यांनी १९६८ साली नोंदवले की तीन-साडेतीन वर्षांची अनेक मुले 'कमी कोठे आहेत?' या प्रश्नालाही 'जास्त' असल्याप्रमाणेच उत्तर देतात. आपण मोठी माणसेही 'कोणाकडे जास्त?' असेच विचारतो, 'कोणाकडे कमी?' असे क्वचित. दोन्ही प्रश्न जोडीने विचारण्याचा नियम शिक्षिकेने स्वतःला घालून घ्यावा. 'लई', 'बक्कळ', 'इवलंसं' अशा घरच्या बोलीतील शब्दांना वर्गात मज्जाव नसावा, कारण कल्पना त्या शब्दांतच आलेली असते. प्रमाण शब्द तिच्यावर नंतर बसवता येतो.

मोजणी हे तुलनेचे साधन

रोशेल गेलमन व गॅलिस्टेल यांनी १९७८ च्या ग्रंथात मोजणीची पाच तत्त्वे मांडली : प्रत्येक वस्तूस एकच संख्यानाम, संख्यानामांचा ठरलेला क्रम, शेवटी उच्चारलेले नाम म्हणजे समूहाची संख्या, कोणत्याही वस्तू मोजता येणे आणि कोठूनही आरंभ केला तरी चालणे. यांपैकी तिसरे तत्त्व तुलनेचा कणा आहे. कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास केलेल्या अभ्यासांत दिसून आले की, मुलाला दहापर्यंत म्हणता येत असले तरी 'मला तीन दे' असे सांगितल्यावर ते मूठभर वस्तू देऊ शकते. आधी 'एक'चा, काही महिन्यांनी 'दोन'चा, नंतर 'तीन'चा अर्थ कळतो आणि मग केव्हातरी मोजणीचे शेवटचे नाम सगळ्या समूहाचे असते हे उलगडते. या प्रवासास एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून 'किती आहेत?' यापेक्षा 'मला पाच आणून दे' ही आज्ञा मुलाची समज अधिक खरेपणाने सांगते.

या टप्प्यावर उपयोगी पडणाऱ्या कृतींना एकच अट असावी, ती म्हणजे नजरेने वा जोड्या लावून तुलना करता येऊ नये. उदाहरणार्थ, काही पाने ओट्यावर व काही झाडाखाली ठेवावीत. दोन्ही समूह एकदम दिसत नाहीत, आणून शेजारी मांडायचे नाहीत असा खेळाचा नियम. आता मोजण्यावाचून गत्यंतर नाही. एका ठिकाणी सहा मोजून दुसऱ्या ठिकाणी जाईपर्यंत 'सहा' हा शब्द मनात धरून ठेवावा लागतो आणि संख्यानाम म्हणजे समूहाचा वाहता येणारा निरोप आहे, हे मूल अनुभवते. एकी-बेकीसारख्या जुन्या खेळातही मुठीतील चिंचोके दिसत नसल्यामुळे हीच स्थिती निर्माण होते.

असे साहित्य फुकट मिळते हेही ध्यानात घ्यावे. ताराबाई मोडक यांनी १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यातून माँटेसरी पद्धती मराठी-गुजराती समाजापर्यंत आणली. परंतु १९४५ पासून बोर्डीत व नंतर कोसबाडच्या आदिवासी मुलांत अनुताई वाघ यांच्यासह काम करताना महागड्या साधनांची जागा शिंपले, बिया, पाने, दगड यांनी घेतली. माँटेसरींच्या संख्यादंडांत सर्वांत आखूड दंड दहा सेंटिमीटरचा व सर्वांत लांब एक मीटरचा असतो आणि संख्या लांबीच्या रूपाने हाती येते. बांबूच्या मोजून कापलेल्या कामट्या हेच काम करतात, फक्त कापणाऱ्याने माप चोख ठेवले पाहिजे.

परिमाणाची तुलना

संख्या आणि परिमाण यांची सीमारेषा मुलाला स्पष्ट नसते, आणि आपल्या भाषेतही ती मोठी गमतीची आहे. 'तांदूळ संपले' आणि 'पोहे संपले' असे आपण अनेकवचनात म्हणतो, जणू ते मोजण्याच्या वस्तू आहेत. 'साखर संपली', 'पीठ संपले' मात्र एकवचनात. तेच तांदूळ शिजले की 'भात संपला' असे एकवचन येते. तांदूळ मोजायचे की मापायचे, हा प्रश्न पाच वर्षांच्या मुलाला विचारून पाहावा. दाणे मोजता येतात पण मोजत बसायचे नाही, म्हणून वाटी आली, ही गोष्ट त्याला चांगली समजते.

भाकरीचे उदाहरण याहून बोलके आहे. एका भावाला अखंड भाकरी आणि दुसऱ्याला तेवढ्याच भाकरीचे चार चतकोर दिले, तर चतकोरवाला 'मला चार मिळाल्या' म्हणून खूश होतो. तुकड्यांची संख्या वाढली, भाकरी तेवढीच राहिली. हा भेद समजावून सांगण्याच्या भानगडीत पडू नये. चतकोर पुन्हा जुळवून अखंड भाकरीवर ठेवून दाखवावेत आणि मुलांना बोलू द्यावे.

द्रवपदार्थांच्या बाबतीत उंच-अरुंद पेल्यातील पाणी जास्त वाटणे हे या वयात स्वाभाविक आहे. तेथे उत्तर दुरुस्त करून घेण्याऐवजी वाटीने मोजण्याची सवय लावणे हिताचे. तांब्यात पाच वाट्या पाणी मावले, कळशीत त्याहून पुष्कळ. येथे संख्या पुन्हा परिमाणाच्या मदतीला येते. मात्र प्रत्येक वेळी तीच वाटी हवी, आणि ती एकदा सपाट व एकदा शिगोशीग भरून चालणार नाही. चार शेरांची पायली मापणाऱ्या जुन्या पिढीला शीग आणि सपाट यांतला फरक सांगावा लागत नसे. मुलांना एकाच ढिगातील वाळू एकदा चहाच्या कपाने व एकदा वाटीने मोजू द्यावी. आकडे वेगळे का आले, यावर होणारा वाद मापनाचा पहिला पाठ ठरतो.

अंकचिन्हांकडे जाताना

मोइरा डिलन, हरिणी कन्नन, जोशुआ डीन, एलिझाबेथ स्पेल्के व एस्थर डुफ्लो यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला भारतातील एक अभ्यास येथे विचारात घेणे आवश्यक आहे. २१४ बालवाड्यांतील सरासरी ४.९ वर्षे वयाच्या १५४० मुलांपैकी काही गटांना चार महिने संख्या व आकार यांच्या तुलनेचे खेळ देण्यात आले. मुलांची सहज जाण ठळकपणे सुधारली आणि ती सुधारणा टिकली. अंकचिन्हांच्या कौशल्यातही लगेचच्या चाचणीत प्रगती दिसली. परंतु पुढे शाळेतील गणिताची भाषा व संकल्पना शिकताना या मुलांना वेगळा लाभ झाल्याचे आढळले नाही.

या निष्कर्षामुळे खेळ निरुपयोगी ठरत नाहीत. तथापि केवळ ठिपक्यांची वा चित्रांची तुलना करून घेतल्याने शालेय गणिताची वाट आपोआप मोकळी होते, हा समज मात्र त्यापुढे टिकत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तुलनेच्या प्रत्येक कृतीत वस्तू, बोललेला शब्द आणि लिहिलेला अंक हे तिन्ही एकत्र यावेत. सात बियांच्या ढिगाशेजारी 'सात' हा उच्चार आणि ७ चे कार्ड असावे, आणि कार्डांची अदलाबदल झाली तर मुलाने ती ओळखावी.

सीगलर व रमाणी यांनी २००८ साली अमेरिकेतील अल्प उत्पन्न गटातील बालकांसाठी वापरलेला पटाचा खेळ या दृष्टीने अनुकरणीय आहे. एका सरळ ओळीत १ ते १० घरे, चकतीवर एक किंवा दोन. पंधरा-वीस मिनिटांच्या मोजक्या डावांनंतर मुलांची संख्यातुलना सुधारली. घरांवर अंकांऐवजी रंग असलेल्या पटाने तसे घडले नाही. त्यातील एक नियम महत्त्वाचा होता. चारच्या घरावरून दोन घरे पुढे जाताना 'एक, दोन' न म्हणता 'पाच, सहा' म्हणावयाचे. आपली सापशिडी नागमोडी असल्याने आरंभी ती गोंधळात टाकते. अंगणात खडूने आखलेली दहा घरांची सरळ ओळ पुरेशी आहे. आरंभीच्या घरामागे शून्याचे घरही आखावे, कारण 'काहीच नाही' ही स्थिती एकाहून कमी आहे हे पुष्कळ मुलांना उशिरा पटते.

वीसच्या पुढील संख्यांचे वाचन हा महाराष्ट्रात वादाचा विषय आहे. २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकातील 'वीस एक' या पद्धतीवरून तो चांगलाच गाजला. बालवाडीला त्याची झळ लागण्याचे कारण नाही, तेथे दहापर्यंतचे काम भरपूर आहे. तुलनेच्या चिन्हांबाबतही तेच म्हणता येईल. मगरीचे तोंड जास्त वस्तूंकडे उघडते ही क्लृप्ती काही बालवर्गांत शिकवली जाते आणि मुले तोंडाची दिशा पाठ करतात. बरोबरीचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली छापले, लहान-मोठ्याची चिन्हे थॉमस हॅरियट यांच्या ग्रंथातून १६३१ साली आली. त्याआधी हजारो वर्षे माणसे तुलना करीतच होती. पाच वर्षांच्या मुलाला चिन्हांची घाई नाही.

राहता राहिला 'किती जास्त?' हा प्रश्न. हडसन यांनी १९८३ साली पाच पक्षी व चार अळ्या अशा प्रकारची चित्रे दाखवून 'पक्षी अळ्यांपेक्षा किती जास्त?' असे विचारले, तेव्हा शिशुवर्गातील १७ टक्के मुलांनीच योग्य उत्तर दिले. 'प्रत्येक पक्ष्याने एक अळी पकडली तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?' असे विचारताच हे प्रमाण ८३ टक्क्यांवर गेले. गणित तेच, चित्र तेच, बदलले केवळ वाक्य. आपल्या वर्गात आठ मुले व सहा लाडू असतील तर 'किती जणांना लाडू मिळणार नाही?' येथून आरंभ करावा. मुलांनी 'दोघांना' असे सांगितल्यावर त्याच ताटाकडे बोट दाखवून 'म्हणजे मुले लाडवांपेक्षा दोनने जास्त' हे वाक्य शिक्षिकेने स्वतः म्हणावे, आणि काही दिवसांनी दुसऱ्या वस्तू घेऊन ते मुलांकडून येते का पाहावे.